लडाख : इतिहास, धर्म आणि सामरिक महत्त्व

लडाख : भारताच्या अगदी उत्तरेकडील, चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेला केंद्रशासित प्रदेश. उत्तरेस काराकोरम, दक्षिणेस हिमालय, मध्ये लडाख आणि झांस्कर या रांगा, आणि त्यांच्यामधून वाहणारी सिंधू. भारताच्या प्रत्यक्ष ताब्यातील क्षेत्रफळ सुमारे 59,146 चौ. किमी. आणि 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या 2,74,289. म्हणजे चौरस किलोमीटरमागे पाच माणसेही नाहीत. लेह आणि कारगिल ही दोन मुख्य शहरे. लेह सुमारे 3,500 मी. उंचीवर असून तेथे वर्षाकाठी जेमतेम 100 मिमी. पाऊस पडतो. शेती होते ती वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर. गावोगावी हे पाणी दगडी पाटांतून फिरवतात आणि कोणाच्या शेताला कधी पाणी सोडायचे ते गावाने नेमलेला ‘चुरपोन’ ठरवतो. जव, गहू, वाटाणा ही पिके आणि खालच्या खोऱ्यांतील जर्दाळू यांवर येथील संसार चालत आला आहे.

लडाखकडे आज ‘सीमेवरचा दुर्गम प्रदेश’ म्हणून पाहिले जाते. पण हे दुर्गमपण फार जुने नाही. अनेक शतके लडाख हा चार दिशांच्या वाटांचा नाका होता. पश्चिमेला झोजी ला (‘ला’ म्हणजे खिंड) ओलांडून काश्मीर, पूर्वेला सिंधूच्या काठाने तिबेट, दक्षिणेला लाहौलमार्गे कुल्लू आणि पंजाब, तर उत्तरेला खार्दुंग ला, सासेर ला आणि शेवटी 5,500 मी.हून उंच काराकोरम खिंड पार करून शिनजियांगमधील यारकंद. येथील इतिहास, धर्म आणि आजची लष्करी महती या तिन्ही गोष्टींचा उगम या वाटांत आहे.

राज्याचा उदय. तिबेटी साम्राज्य नवव्या शतकात मोडल्यावर त्याच्या राजघराण्यातील न्यिमागोन हा पश्चिम तिबेटात आला. दहाव्या शतकात त्याच्या मुलांत राज्याची वाटणी झाली आणि थोरल्याच्या वाट्याला मर्युल, म्हणजे आजचे लडाख आले. पंधराव्या शतकात नामग्याल घराणे सत्तेवर आले. त्यातला सर्वांत कर्तबगार राजा सेंगे नामग्याल (सतराव्या शतकाचा पूर्वार्ध). लेहचा नऊमजली राजवाडा त्याचा, आणि हेमिस मठाची उभारणी त्याच्याच आश्रयाने झाली. या बौद्ध राजाची आई ग्याल खातून ही बाल्टिस्तानातील स्कार्दूच्या मुसलमान राजाची मुलगी होती. तिचा नवरा जामयांग नामग्याल बाल्टिस्तानशी झालेल्या लढाईत हरला, कैद झाला आणि तहातून हे लग्न जुळले. लडाखमध्ये धर्म आणि राजकारण यांची वीण किती घट्ट आहे, हे या एका घराण्यातच दिसते.

सेंगेच्या वारसांना दोन बलाढ्य शेजारी सांभाळावे लागले. औरंगजेबाच्या काळात लडाखने मुघलांचे अधिराज्य मान्य केले आणि लेहमध्ये मशीद उभी राहिली. ती आजही बाजारपेठेच्या माथ्यावर, राजवाड्याच्या पायथ्याशी आहे. पुढे 1679 मध्ये तिबेटशी युद्ध पेटले. तिबेटी फौजा बास्गोपर्यंत आल्या, तेव्हा लडाखच्या राजाने काश्मीरच्या मुघल सुभेदाराकडे मदत मागितली. मदत मिळाली, पण तिची किंमतही मोजावी लागली. 1684 च्या तिंगमोसगांगच्या तहात गुगे, पुरांग आणि रुदोक हे प्रांत लडाखच्या हातून गेले.

हा तह वाचताना आजच्या वाचकाला सर्वांत जास्त चकित करते ती लोकरीची तरतूद. पश्चिम तिबेटातील पश्मीना लडाखखेरीज कोठेही विकायचा नाही आणि लडाखने तो काश्मीरच्या व्यापाऱ्यांना द्यायचा, असे त्यात ठरले. दर तीन वर्षांनी लडाखचे भेटी घेऊन जाणारे शिष्टमंडळ ल्हासाला जाणार आणि तिकडून दर वर्षी चहाचा तांडा लेहला येणार, हेही ठरले. कैलास-मानसरोवराच्या परिसरातील मिन्सर हे एक गाव, तेथील पूजाअर्चेच्या खर्चासाठी, लडाखकडे राहिले. प्रांत गेले, पण व्यापार राहिला. श्रीनगरच्या हातमागांवरची शाल या तहावर उभी होती, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

डोग्रा अंमल. या लोकरीवर डोळा असणारे पुष्कळ होते. 1820 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा पशुवैद्य विल्यम मूरक्रॉफ्ट लेहला आला. लडाखी दरबाराने त्याच्यामार्फत इंग्रजांचे संरक्षण मागितले, पण कंपनीने ते नाकारले. 1834 मध्ये जम्मूच्या डोग्रा घराण्यातील गुलाबसिंगाचा सेनापती जोरावरसिंग किश्तवाडमार्गे सुरू खोऱ्यात उतरला आणि लडाखचे स्वातंत्र्य संपले. त्यानंतर त्याने बाल्टिस्तान घेतले आणि 1841 मध्ये थेट पश्चिम तिबेटात मुसंडी मारली. मानसरोवराच्या पलीकडे ऐन डिसेंबरात, बर्फाने वाटा बंद झालेल्या असताना तो लढाईत पडला. पाठोपाठ तिबेटी फौज लेहपर्यंत आली, पण डोग्रांनी तिला मागे रेटले. सप्टेंबर 1842 च्या चुशूल येथील कराराने दोन्ही बाजूंनी जुन्या सीमा कायम मानल्या, परंतु त्या सीमा नेमक्या कोठून जातात हे लिहून ठेवले नाही. ही उणीव पुढे फार महागात पडली. 1846 च्या अमृतसर करारानंतर लडाख जम्मू-काश्मीर संस्थानाचा भाग झाले.

डोग्रा काळात यारकंदचा व्यापार भरभराटीस आला. उन्हाळ्यात लेहच्या बाजारात होशियारपूरचे व्यापारी, यारकंदी तांडेवाले, काश्मिरी आणि बाल्टी एकत्र येत. रेशीम, गालिचे आणि चरस दक्षिणेकडे जाई. सुती कापड, मसाले आणि नीळ उत्तरेकडे. बाहेरून आलेले व्यापारी आणि लडाखी स्त्रिया यांच्या संततीतून ‘अरघोन’ हा सुन्नी मुस्लिम समाज तयार झाला. 1949 मध्ये शिनजियांगमध्ये कम्युनिस्ट राजवट आली आणि काराकोरमची वाट बंद झाली. तिबेटची वाटही पुढच्या दशकभरात मिटली.

धर्म. 2011 च्या जनगणनेत मुसलमान सुमारे 46 टक्के, बौद्ध सुमारे 40 टक्के आणि हिंदू 12 टक्के होते. त्यामुळे ‘लडाख म्हणजे बौद्ध प्रदेश’ ही पर्यटकांच्या छायाचित्रांतून झालेली समजूत अपुरी आहे. लेहकडे बौद्ध जास्त, कारगिलकडे शिया. द्रासमध्ये सुन्नी, तर कारगिलच्या दक्षिणेकडील झांस्कर बहुतांशी बौद्ध. नुब्रा खोऱ्यात नूरबक्षी या मुस्लिम पंथाचे लोकही आहेत.

बौद्ध धर्म येथे आधी काश्मीरकडून आला, मग तिबेटकडून. कारगिल-लेह रस्त्यावरील मुलबेख येथे याची खूण भर रस्त्यात उभी आहे. एका सुट्या कातळावर सुमारे नऊ मीटर उंचीची चार हातांची मैत्रेयाची, म्हणजे भावी बुद्धाची, उभी मूर्ती कोरलेली आहे. तिची ठेवण, दागिने, यज्ञोपवीतासारखी माळ पाहिली की काश्मिरी हात ओळखू येतो. शियाबहुल पट्टा जेथे संपतो आणि बौद्ध गावे सुरू होतात, तेथेच ती आहे आणि गावात गोंपा (बौद्ध मठ) ही आहे, मशीदही आहे. अल्ची येथील मंदिरांतील भित्तिचित्रेही काश्मिरी कारागिरांच्या परंपरेतली. काश्मीरमधून बौद्ध धर्म जवळपास नाहीसा झाला, पण त्याची चित्रकला टिकली ती लडाखच्या या मातीच्या भिंतींवर. अकराव्या शतकातील भाषांतरकार रिंचेन झांगपो याच्या नावाशी येथील अनेक जुनी मंदिरे जोडली जातात. नंतर तिबेटी संप्रदाय रुजले: हेमिस द्रुक्पांचे, ठिकसे आणि लिकिर गेलुग्पांचे, लामायुरू आणि फ्यांग द्रिकुंगांचे, माथो साक्यांचे.

इस्लाम बाल्टिस्तान आणि काश्मीर या दोन्ही वाटांनी आला. कारगिलच्या शिया समाजाचे धार्मिक नाते इराकमधील नजफ आणि इराणमधील कोम यांच्याशी आहे. तेथे शिकून आलेल्या आगा आणि शेख मंडळींचा शब्द गावात चालतो. मुहर्रमला बाल्टी भाषेत मर्सिये (शोकगीते) म्हटले जातात. पूर्वी एकाच कुटुंबात बौद्ध आणि मुसलमान नातलग असणे नवलाचे नव्हते. 1989 मध्ये मात्र लेहमध्ये बौद्धांनी मुसलमानांवर सामाजिक बहिष्कार पुकारला. तो 1992 पर्यंत चालला आणि त्याने ही सोयरीक बरीच तोडली. त्यामागे श्रीनगरच्या सत्तेविषयीची नाराजी होती, पण त्याचा चटका शेजाऱ्याला बसला.

सामरिक महत्त्व. 1947 नंतर लडाख वाचले ते थोडक्यात. मे 1948 मध्ये कारगिल हल्लेखोरांच्या हाती गेले आणि लेहचा रस्ता तुटला. लडाखी अभियंता सोनम नोर्बू याने स्थानिक लोकांच्या मदतीने लेहला कच्ची धावपट्टी तयार केली होती. तिच्यावर 24 मे 1948 रोजी एअर कमोडोर मेहरसिंग यांनी जनरल थिमय्यांना घेऊन डकोटा विमान उतरवले. त्याआधी मूठभर सैनिकांनिशी भर हिवाळ्यात झोजी ला ओलांडून आलेले लाहौलचे अधिकारी पृथीचंद आणि नुब्राचा अवघ्या सतरा वर्षांचा चेवांग रिंचेन यांनी स्थानिक तरुणांना घेऊन किल्ला लढवला. नोव्हेंबरात झोजी लावर रणगाडे चढवून भारतीय सैन्याने वाट मोकळी केली. स्कार्दू मात्र गेले आणि बाल्टिस्तान लडाखपासून कायमचे तुटले.

चीनने शिनजियांग-तिबेट रस्ता अक्साई चीनमधून नेला. 1957 मध्ये तो पूर्ण झाला. सुमारे 38,000 चौ. किमी.चा हा ओसाड पट्टा चीनला हवा होता तो या रस्त्यासाठी. 21 ऑक्टोबर 1959 रोजी हॉट स्प्रिंग्जजवळ चिनी सैनिकांच्या गोळीबारात दहा भारतीय पोलीस मारले गेले. देशभर पोलीस स्मृतिदिन त्या दिवशी पाळला जातो. 18 नोव्हेंबर 1962 रोजी रेझांग ला येथे मेजर शैतानसिंग यांच्या नेतृत्वाखाली 13 कुमाऊंच्या एका कंपनीने जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत झुंज दिली. 114 जवान कामी आले. 1971 च्या युद्धात चेवांग रिंचेन यांच्याच तुकडीने तुर्तुक घेतले, एप्रिल 1984 मध्ये भारताने सियाचीनवर पाय रोवला आणि 1999 च्या कारगिल युद्धाचा रोख श्रीनगर-लेह रस्त्यावर होता. तो रस्ता तुटला असता तर लेह आणि सियाचीन दोन्हींची रसद अडली असती. जून 2020 मध्ये गलवान खोऱ्यात वीस भारतीय सैनिक मारले गेले. देपसांग आणि डेमचोक येथून सैन्य मागे घेण्याबाबत दोन्ही देशांचे एकमत ऑक्टोबर 2024 मध्ये झाले.

म्हणूनच येथे रस्ता हाच संरक्षणाचा कणा मानला जातो. श्योक खोऱ्यातून काराकोरम खिंडीजवळच्या दौलत बेग ओल्डीपर्यंत जाणारा 255 किमी.चा रस्ता, रोहतांगखालचा अटल बोगदा (2020) आणि झोजी लाखाली खोदला जात असलेला सुमारे 13 किमी.चा बोगदा ही त्याची उदाहरणे. सैन्यात मराठी जवानही असतातच. डिसेंबर 2024 मध्ये पँगाँग सरोवराकाठी छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा उभारला गेला, तेव्हा महाराष्ट्रात आनंद झाला. काही लडाखींनी मात्र आम्हाला विचारले होते का, असा प्रश्न केला. तो प्रश्न रास्त आहे.

सद्यस्थिती. 31 ऑक्टोबर 2019 पासून लडाख विधानसभेविना केंद्रशासित आहे. लेह (1995) आणि कारगिल (2003) येथे स्वायत्त पर्वतीय विकास परिषदा आहेत. जमीन आणि नोकऱ्यांच्या संरक्षणासाठी राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीत समावेश आणि राज्याचा दर्जा, या मागण्यांसाठी लेहची शिखर संघटना आणि कारगिलची लोकशाही आघाडी एकत्र आल्या आहेत. बहिष्काराच्या वर्षांनंतर बौद्ध आणि शिया नेते एका व्यासपीठावर बसतात, ही मोठी घडामोड आहे. 24 सप्टेंबर 2025 रोजी लेहमधील आंदोलनाला हिंसक वळण लागले आणि चौघांचा मृत्यू झाला. पूर्वेकडील चांगथांग पठारावर पश्मीना शेळ्या पाळणाऱ्या चांगपा मेंढपाळांची तक्रार याहून वेगळी आणि जास्त निकडीची आहे: 2020 नंतर सीमेलगतची त्यांची हिवाळी कुरणे त्यांना पूर्वीसारखी मोकळी राहिलेली नाहीत, आणि चारा नसेल तर कळप विकून लेहला मजुरीला जाणे एवढाच मार्ग उरतो.