स्कॅन नॉर्मल, तरी डोक्यात प्रेशर?

डोकं महिनोन्महिने दुखतंय, मायग्रेनच्या गोळ्या चालू आहेत, एमआरआयमध्ये गाठ नाही काही नाही, मग सगळे म्हणतात टेन्शन कमी घे. पण कधीकधी डोळ्यांचे डॉक्टर ड्रॉप टाकून पडदा बघतात आणि वेगळंच निघतं, डोळ्याची नस जिथून मेंदूकडे जाते ती चकती फुगलेली आणि कडा पुसट. याला पॅपिलीडिमा म्हणतात. दोन्ही डोळ्यांत असेल तर कवटीतलं प्रेशर वाढलंय का हे लगेच बघावंच लागतं. गाठ, गुठळी असं काही कारण न सापडता ते वाढलेलं असेल तर त्या आजाराला इडिओपॅथिक इंट्राक्रॅनियल हायपरटेन्शन (आयआयएच) म्हणतात.

मेंदूभोवती साधारण १५० मिली पाणी असतं (डॉक्टर सीएसएफ म्हणतात), पण दिवसाला बनतं ५०० मिलीच्या आसपास आणि जुनं रक्तात परत जात राहतं. कवटी हाडाची, ती काही फुगत नाही, त्यामुळे निचऱ्यात थोडी जरी गडबड झाली तरी प्रेशर वाढतं, आणि डोळ्याच्या नसेभोवतीही तेच पाणी असल्यामुळे दाब थेट तिथे पोचतो. मग वाकून उठलं की काही सेकंद डोळ्यांपुढे अंधार, कानात नाडीच्या ठोक्याबरोबर सूं सूं, कधी एकाचे दोन दिसणं.

आधी मेंदूच्या शिरांचा स्कॅन करून रक्ताची गुठळी नाही ना बघतात, औषधं विचारतात (डॉक्सीसायक्लिन, पिंपल्सवरचं आयसोट्रेटिनॉइन, व्हिटॅमिन ए चा जास्त डोस यांनीही असं होतं), मग कमरेतून सुई घालून प्रेशर मोजतात. मोठ्या माणसात २५ सेंटिमीटर पाण्याच्या वर आणि बाकी सगळं नॉर्मल, तर आयआयएच हे निदान. अमेरिकन सर्जन वॉल्टर डँडी यांनी १९३७ मध्ये असे २२ पेशंट नोंदवले, तरी नेमकं कारण अजून सापडलेलं नाही. जास्त करून तरुण, वजन वाढलेल्या बायकांना होतं, पण म्हणून "वजन कमी कर" एवढंच सांगून घरी पाठवणं मला तरी अर्धवट वाटतं.

वजन उतरवल्याने खरंच फरक पडतो, सोबत ॲसिटाझोलामाइड देतात, त्याने पाणी कमी बनतं (बोटांना मुंग्या येतात आणि सोड्याची चव विचित्र लागते, घाबरू नका). नजर भराभर जायला लागली तर शंट (जास्तीचं पाणी काढून देणारी बारीक नळी) बसवतात किंवा डोळ्याच्या नसेच्या आवरणाला चीर देतात. आणि नजर बहुतेक वेळा कडेने जाते, समोरचं वाचता येत राहतं म्हणून पेशंटला पत्ताच लागत नाही, त्यामुळे डोकं दुखायचं थांबलं तरी फील्ड टेस्ट (कडेचं किती दिसतं ते मोजणारी तपासणी) चुकवायची नाही.