शाळा-महाविद्यालयांची शून्य कार्बन इमारत : पात्रता, निविदा आणि कागदपत्रे

एखादी इमारत वर्षभरात जेवढी वीज वापरते तेवढीच स्वतःच्या आवारात तयार करत असेल, तर तिला निव्वळ शून्य ऊर्जा इमारत म्हणतात. शून्य कार्बन इमारतीचा हिशेब याहून मोठा असतो, कारण बांधकामातले सिमेंट, पोलाद आणि विटा तयार होताना झालेले उत्सर्जनही त्यात धरावे लागते. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने २०१५ मध्ये आपल्या आवारात निव्वळ शून्य ऊर्जेची प्रयोगशाळा-इमारत उभी केली, त्यामुळे आपल्या हवामानात हे जमणार नाही असे म्हणायला फारशी जागा उरलेली नाही. महाराष्ट्रातील शिक्षणसंस्थांची अडचण तंत्रापेक्षा क्रमाची आहे. आधी आराखडा, मग निविदा आणि शेवटी उरलेल्या पैशात सौर पटल, या क्रमाने गेल्यास शून्य कागदावरच राहते.

म्हणून कोणताही अर्ज भरण्यापूर्वी एक हिशेब मांडावा. समजा, शाळेचे बांधीव क्षेत्र ३,००० चौरस मीटर आहे आणि दर चौरस मीटरला वर्षाला ३० युनिट वीज लागणार आहे, म्हणजे एकूण गरज ९०,००० युनिटची झाली. महाराष्ट्रात एक किलोवॅट सौर संच वर्षाला साधारण १,४०० युनिट वीज देतो आणि त्याला सुमारे १० चौरस मीटर मोकळी गच्ची लागते. या शाळेला ६४ किलोवॅटचा संच आणि साडेसहाशे चौरस मीटर गच्ची हवी. इमारत तळमजला अधिक तीन मजल्यांची असेल तर गच्ची असते ७५० चौरस मीटर, आणि तीत पाण्याच्या टाक्या, जिन्याची टोपी व त्यांची सावली गेल्यावर साडेसहाशे उरत नाही. हाच वापर २० युनिटवर आणला तर ४३ किलोवॅटमध्ये भागते आणि संच गच्चीवर सुखाने बसतो. इमारतीच्या लांब बाजूंची तोंडे उत्तर आणि दक्षिणेकडे ठेवून खिडक्यांना पुरेसे छज्जे देणे आणि गच्चीला उष्णतारोधक थर घालणे ही कामे आराखड्यातच ठरतात. पंख्यांचे उदाहरण त्याहून सोपे आहे. एका वर्गातले ७५ वॅटचे चार पंखे दिवसाला सहा तास आणि वर्षाला दोनशे दिवस चालले तर ३६० युनिट लागतात, तर ३० वॅटच्या बीएलडीसी (ब्रशविरहित, कमी वीज घेणारी मोटर असलेल्या) पंख्यांना १४४ पुरतात. तीस वर्गांच्या शाळेत हा फरक साडेसहा हजार युनिटच्या घरात जातो, म्हणजे जवळपास साडेचार किलोवॅटचा सौर संच वाचतो.

कायद्याच्या बाजूने पाहता, ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ मधील २०२२ ची दुरुस्ती १ जानेवारी २०२३ पासून लागू झाली असून १०० किलोवॅट जोडभार (बसवलेल्या उपकरणांचा एकूण भार) किंवा १२० केव्हीए करार मागणी (वीज कंपनीशी ठरलेली कमाल मागणी) असलेल्या आणि त्याहून मोठ्या इमारती ऊर्जा संवर्धन इमारत संहितेच्या, म्हणजे इमारतींच्या ऊर्जावापराच्या किमान निकषांच्या, कक्षेत येतात. राज्य सरकारला ही मर्यादा आणखी खाली आणता येते. २०१७ च्या संहितेत शैक्षणिक इमारतींचा स्वतंत्र वर्ग आहे आणि अनुपालनाच्या तीन पायऱ्या आहेत. गावातली दहा खोल्यांची शाळा या मर्यादेत बसत नाही, परंतु वसतिगृह, प्रयोगशाळा आणि वातानुकूलित सभागृह असलेले महाविद्यालय सहज बसते. या विषयासाठी राज्याची नियुक्त संस्था पुण्याची महाऊर्जा, म्हणजे महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण, आहे.

हरित मानांकन हा वेगळा, ऐच्छिक मार्ग आहे. २,५०० चौरस मीटर किंवा अधिक बांधीव क्षेत्राच्या इमारतींसाठी ‘गृह’ आणि त्याहून लहान इमारतींसाठी ‘स्वगृह’ अशी तारे देणारी मानांकन योजना आहे. नोंदणी आराखड्याच्या टप्प्यावरच करावी, कारण बांधकामादरम्यानच्या मातीचे संरक्षण, धूळ नियंत्रण अशा बाबींचे पुरावे नंतर मागाहून तयार करता येत नाहीत. मुंबई वगळता राज्याच्या बहुतांश भागाला लागू असलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत तीन, चार आणि पाच तारे मिळवणाऱ्या इमारतींना अनुक्रमे ३, ५ आणि ७ टक्के अतिरिक्त चटईक्षेत्राची सवलत आहे. केंद्रीय ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे ‘शून्य’ हे मानचिन्ह मात्र प्रत्यक्ष वापरावर मिळते. निव्वळ वापर दर चौरस मीटरला वर्षाकाठी शून्य ते दहा युनिटमध्ये असेल तर ‘शून्य’, आणि निर्मिती वापरापेक्षा जास्त असेल तर ‘शून्य प्लस’. त्यासाठी बारा महिन्यांची वीजबिले, सौर मीटरच्या नोंदी आणि बांधीव क्षेत्राचा दाखला पहिल्या दिवसापासून एका फाइलीत जमवत राहावे.

अर्ज कोण करू शकतो, हे मालकीवर ठरते. जिल्हा परिषदेच्या शाळेची जागा परिषदेच्या नावे असल्याने शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाबरोबर परिषदेची मंजुरी घ्यावी लागते. खासगी शिक्षणसंस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असल्यास प्रश्न अधिक नाजूक होतो. गच्ची विकासकाला देऊन त्याच्याकडून ठरावीक दराने वीज घेण्याची रेस्को पद्धत पैशाच्या दृष्टीने आकर्षक वाटते, कारण सुरुवातीची गुंतवणूक विकासकाची असते; परंतु असे करार वीस-पंचवीस वर्षांचे असतात आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ नुसार बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी आवश्यक असते. बांधकामासाठी संस्था कर्ज काढणार असेल तर त्यालाही कलम ३६अ खाली मंजुरी लागते. करारात ‘भाडेपट्टा’ऐवजी ‘परवाना’ असा शब्द घातला की प्रश्न मिटला, असे सांगणारे सल्लागार भेटतात. त्यांच्या शब्दावर न जाता मसुदा वकिलाकडून तपासून घेणे शहाणपणाचे. धर्मादाय आयुक्तांकडच्या अर्जासोबत विश्वस्त मंडळाचा ठराव, न्यासाच्या परिशिष्ट एकचा (न्यास नोंदवहीतील नोंदीचा) उतारा, लेखापरीक्षण अहवाल, मूल्यांकन अहवाल आणि कराराचा मसुदा तयार ठेवावा.

निविदेचा भाग सर्वांत जास्त लक्ष देण्याजोगा आहे. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या बी-१ नमुन्यात कंत्राटदार अंदाजपत्रकाच्या अमुक टक्के वर किंवा खाली एवढाच दर भरतो. जे अंदाजपत्रकात नाही ते इमारतीत येत नाही. त्यामुळे उष्णतारोधक थर, बीएलडीसी पंखे, मजलानिहाय वीज मीटर आणि फ्लाय अॅश किंवा स्लॅगयुक्त सिमेंट या बाबी तांत्रिक मान्यतेपूर्वीच तपशिलासह नोंदवाव्यात, आणि जी बाब दरसूचीत नसेल तिचे दरपृथक्करण (साहित्य, मजुरी असा दराचा तपशील) कोटेशनसह जोडावे. ‘पर्यावरणपूरक साहित्य वापरावे’ असे मोघम वाक्य निविदेत टाकण्यात अर्थ नाही. त्या वाक्याचे मोजमाप पुस्तिकेत कोणी लिहू शकत नाही. वार्षिक वापराचे उद्दिष्ट, उदाहरणार्थ दर चौरस मीटरला २० युनिट, वास्तुविशारदाच्या नेमणुकीच्या करारातच आकड्याने लिहावे आणि त्याच्या शुल्काचा एक हिस्सा पहिल्या वर्षाच्या मीटर नोंदींनंतर देय ठेवावा. कंत्राटदाराच्या बाबतीत दोष दायित्व कालावधीत (काम संपल्यावर दोष दुरुस्त करून देण्याची जबाबदारी त्याच्यावर असते त्या मुदतीत) यंत्रणांची उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात अशी दोनदा तपासणी करून घेण्याची अट घालावी.

केंद्रीय विद्यापीठांना सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ लागू असल्याने त्यांना थोडी अधिक मोकळीक आहे. सल्लागार निवडताना गुणवत्तेला ८० टक्क्यांपर्यंत भार देता येतो, आणि २९ ऑक्टोबर २०२१ च्या केंद्रीय सूचनांनुसार गुणवत्ताप्रधान म्हणून घोषित केलेल्या बांधकामांतही हा भार ३० टक्क्यांपर्यंत ठेवता येतो. सर्वांत कमी दरालाच काम द्यावे लागते ही समजूत अशा संस्थांपुरती तरी अपुरी आहे.

शेवटचा अर्ज नेट मीटरिंगचा, म्हणजे जास्तीची सौर वीज वीज कंपनीला देऊन ती बिलात वळती करून घेण्याचा. पीएम सूर्यघर योजनेचे अनुदान घरगुती ग्राहकांसाठी आहे, शाळांना ते मिळत नाही, त्यामुळे अंदाजपत्रकात ते जमा धरू नये. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांनुसार संचाची क्षमता मंजूर भारापेक्षा किंवा करार मागणीपेक्षा जास्त ठेवता येत नाही. इथे काटकसरी शाळा अडकते. वापर कमी केल्याने तिचा मंजूर भार २५ किलोवॅटवर आलेला असतो आणि संच हवा असतो ४३ किलोवॅटचा. म्हणून भारवाढीचा अर्ज आधी, सौर अर्ज नंतर. वीजबिलाची प्रत, मालकीचा पुरावा, न्यास नोंदणी प्रमाणपत्र, अर्जावर सही करणाऱ्याच्या नावाचा ठराव, संचाचा एकरेषीय विद्युत आराखडा, पटले केंद्राच्या मंजूर यादीतील असल्याचा दाखला आणि गच्चीच्या भारक्षमतेबाबत संरचना अभियंत्याचे प्रमाणपत्र सोबत ठेवावे. वीजबिलावरचे नाव आणि ठरावातले संस्थेचे नाव अक्षरशः एकच आहे का, हे पाहावे. जुन्या शाळांची जोडणी बहुधा ‘मुख्याध्यापक’ या नावाने असते आणि अर्ज तिथेच परत येतो.

मे महिन्यात शाळा बंद असते आणि ऊन सर्वांत कडक असते, तेव्हा ती वीज वाया जाईल का, अशी शंका बैठकीत हमखास निघते. जास्तीची युनिट त्याच आर्थिक वर्षात पुढच्या बिलांत वळती होतात आणि हिशेब ३१ मार्चला बंद होतो, त्यामुळे एप्रिल-मेची शिल्लक जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत वापरता येते. संच मार्चमध्ये घाईने चालू करण्यापेक्षा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मीटर बसवून घेतला, तर पहिल्या वर्षाच्या नोंदी पूर्ण बारा महिन्यांच्या आणि एकाच आर्थिक वर्षातल्या मिळतात.