बेळगाव–कित्तूर–धारवाड रेल्वेमार्ग : लोंढ्याचा वळसा आणि जमिनीचा वाद

बेळगाव–धारवाड हे अंतर रस्त्याने ऐंशी किलोमीटरच्या आत आहे, रेल्वेने १२१. गाडी बेळगावहून खानापूरमार्गे दक्षिणेला ५१ किलोमीटर लोंढ्यापर्यंत जाते आणि तिथून जवळजवळ काटकोनात पूर्वेला वळते. पुण्याहून हुबळीला जाणारी वंदे भारत याच वळशाने धावते आणि २०२५मध्ये बेळगावपर्यंत आलेली बंगळूरची वंदे भारतही.

हा वळसा पडला बंदरामुळे. १८७६–७८च्या दुष्काळानंतर या भागात रेल्वे आणायचे ठरले, १८७८च्या अखेरीस ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांचा करार झाला आणि गोव्यातले मुरगाव बंदर हे टोक पक्के झाले. वाटेत गोव्याच्या सीमेवरच्या कॅसलरॉकच्या खाली घाटात चढ ३७ला १ असा आहे. तिथे मालगाडीला आजही मागून जादा इंजिने जोडावी लागतात. लोंढा हा त्या घाटाच्या डोक्यावरचा सांधा. धारवाडचा कापूस तिथे येऊन मिळायचा, पुण्या-मिरजेकडची लाइनही तिथेच. बेळगावच्या माणसाला धारवाडला जायचे असेल, हा विचार त्या आखणीत फारसा नव्हता.

रूळ मीटर गेजचे, म्हणजे १,००० मिलिमीटर रुंदीचे. १९७१च्या सुमारास पुणे–मिरज–कोल्हापूर १,६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजवर गेले आणि बेळगावची बाजू मागे राहिली. त्यानंतर वीसहून अधिक वर्षे मिरजेत उतारू गाडी बदलत होते आणि हमाल एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत पोती टाकत होते. १९९०च्या दशकात ही बाजूही ब्रॉडगेज झाली. या काळात कारभार १९५१पासून मद्रासकडे, १९६६पासून सिकंदराबादकडे आणि २००३पासून हुबळीकडे गेला. मिरज मात्र मुंबईच्या मुख्यालयाखाली, त्यामुळे सीमेजवळच रेल्वेचा विभागही बदलतो.

कित्तूरमार्गे थेट लाइन ही मागणी जुनीच. मंजुरी आली २०२०मध्ये : ७३ किलोमीटर, अंदाजे खर्च ९२७ कोटी. जमीन राज्याने मोफत द्यायची आणि बांधकामाचा निम्मा खर्चही राज्याने उचलायचा, असे ठरले. वादाचे मूळ या वाटणीतच आहे. आखणी रेल्वेची, भूसंपादन राज्याचे. शेतकरी आखणीबद्दल विचारायला गेला की एक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवते.

विरोध मुख्यतः नंदिहळ्ळी, गर्लगुंजी या पट्ट्यातला. भात, ऊस, रताळी आणि भाजीपाला घेणारी ही जमीन, बहुतेक खातेदार दोन-चार एकरांचे. लाइनला सरसकट नकार नाही. ती पिकाऊ रानातून न नेता माळावरून न्या, एवढीच मागणी आहे. ‘थोडी सरकवा’ हे ऐकायला सोपे वाटते, पण रूळ रस्त्यासारखे कुठेही वळत नाहीत. रेल्वेत वळण अंशांत मोजतात आणि १,७५०ला अंशांनी भागले की त्रिज्या मीटरमध्ये मिळते. दोन अंशांच्या वळणाची त्रिज्या ८७५ मीटर भरते. एका गावाचे शेत चुकवायचे म्हणजे पुढच्या दोन गावांतली रेषा हलवावी लागते. चढाचेही तसेच. नव्या लाइनवर तो साधारण १००ला १च्या आत ठेवतात, त्यामुळे माळावरच्या प्रत्येक उंचवट्याला खोदाई आणि प्रत्येक ओहोळाला भराव. पर्यायी मार्ग महाग पडतो, हे रेल्वेचे म्हणणे या हिशोबातून येते आणि ते खोटे नाही.

पण हाच हिशोब शेतकऱ्याच्या बाजूने मांडला जात नाही. एकेरी लाइनच्या भरावाचा माथा ७.८५ मीटर रुंद असतो आणि दोन्ही बाजूंचा उतार एकास दोन. भराव ६ मीटर उंच असेल तर पायथा जवळपास ३२ मीटर होतो, बाजूचे गटार आणि देखभालीची वाट वेगळी. दोन एकरांच्या तुकड्यातून असा पट्टा तिरका गेला की उरलेल्या तिकोनी कोपऱ्यांत औत फिरत नाही, पाइपलाइन तुटते, विहीर एका बाजूला आणि ऊस दुसऱ्या बाजूला राहतो. मोबदला मोजला जातो तो मुख्यतः संपादित गुंठ्यांवर. हे कोपरे सातबाऱ्यावर, म्हणजे इकडच्या आरटीसीवर, शेतकऱ्याच्याच नावावर राहतात, म्हणून हे नुकसान कागदावर सहज दिसत नाही.

दुसरा मुद्दा ये-जा करण्याचा. नव्या लाइनवर फाटक देत नाहीत. टिळकवाडीत पहिले, दुसरे, तिसरे रेल्वे गेट अशी फाटकांवरूनच पत्ते सांगणाऱ्या बेळगावकरांना हे नवे वाटेल. फाटकाऐवजी भरावाखालून भुयारी वाट मिळते. तिची उंची उसाने भरलेल्या ट्रॉलीला पुरली पाहिजे. तळ आजूबाजूच्या शेतापेक्षा खाली गेला आणि पाणी नैसर्गिक उताराने ओहोळात काढले नाही, तर इथल्या जुलैच्या पावसात ती वाट तुंबते. नंतर पंप बसवून हे भागत नाही, कारण ऐन पावसातच वीज जाते. तळाची पातळी आखणीच्या नकाशातच ठरते, म्हणून संमतीपत्रावर सही करण्याआधी आपल्या सर्व्हे नंबरचा उभा छेद मागून घ्यावा : भरावाची उंची आणि मोरीची जागा त्यात असते, भुयारी वाटेचा तळही सोबत विचारून घ्यावा.