सराउंड रीमिक्स घरी नीट का ऐकू येत नाही? आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून होम थिएटर बसवून घेणाऱ्यांमध्ये प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकणाऱ्यांचा एक लहानसा, पण अतिशय चोखंदळ वर्ग बडोद्यात आहे. पिंक फ्लॉइड, यस, किंग क्रिमसन, जेथ्रो टल, जेनेसिस यांच्या जुन्या अल्बमांची सराउंड आवृत्ती (मूळ टेपवरून पुन्हा मिसळून, म्हणजे रीमिक्स करून, चहूबाजूंच्या स्पीकरांसाठी बनवलेली) परदेशातून मागवायची, रात्री ती लावून पाहायची आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच आम्हाला फोन करायचा, असा शिरस्ताच पडला आहे. तक्रार दोनपैकी एक असते. एक तर मागचे स्पीकर बंद पडलेले असतात, नाही तर एवढे पैसे घालूनही ग्राहकाला काडीचा फरक जाणवलेला नसतो. आमचा माणूस रावपुऱ्याहून मांजलपूरपर्यंत जातो, स्पीकर तपासतो आणि बहुतेक वेळा ते ठणठणीत निघतात. यात आपला वेळ जातो आणि आमचाही, म्हणून हे पत्रक काढले आहे. ५.१ म्हणजे काय, सबवूफर कोठे ठेवतात, हे आपल्याला ठाऊक आहे असे धरून पुढे लिहिले आहे.

टीव्हीमधून जाणारी वायर

बहुतेक घरांत डिस्क प्लेअरची एचडीएमआय केबल टीव्हीला लावलेली असते आणि टीव्हीमधून एक ऑप्टिकल वायर अ‍ॅम्प्लिफायरकडे आलेली असते. सेट-टॉप बॉक्ससाठी ही जोडणी चालते. संगीताच्या डिस्कसाठी ती चालत नाही. ऑप्टिकल वायरमधून दोन चॅनलचा शुद्ध आवाज जातो, किंवा डॉल्बी डिजिटल अथवा डीटीएस या पद्धतीने दाबून लहान केलेला ५.१ जातो. ज्या ट्रॅकसाठी आपण पैसे मोजलेले असतात, तो २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्‌झचा सहा चॅनलचा ट्रॅक या वायरमध्ये मावतच नाही. त्यातच अनेक टीव्ही एचडीएमआयमधून आलेला आवाज पुढे पाठवताना स्वतःच दोन चॅनलचा करून टाकतात. अ‍ॅम्प्लिफायरला मिळतात दोनच चॅनल, आणि तो इमानदारीने पुढचे दोन स्पीकर वाजवतो.

इथपर्यंतची चूक निदान लक्षात तरी येते, कारण मागून आवाज येत नाही. खरा घोटाळा यापुढे होतो. मागचे स्पीकर गप्प आहेत हे पाहून घरातील कोणीतरी रिमोटवरचे ‘ऑल चॅनल स्टिरिओ’चे बटण दाबतो, पाचही स्पीकर एकदम बोलू लागतात आणि सगळ्यांचे समाधान होते. प्रत्यक्षात तेव्हा जुनाच स्टिरिओ आवाज पुढूनही येत असतो आणि मागूनही. रीमिक्स करणाऱ्याने कोणते वाद्य कोठे बसवले, हे त्यात ऐकू येणे शक्यच नसते. असे ऐकून काही जण रीमिक्सबद्दल ठाम मत बनवतात, मित्रमंडळींत ते हिरिरीने मांडतात आणि क्वचित ती डिस्क विकूनही टाकतात. या छंदातील निम्मे वाद अभिरुचीचे नसून जोडणीचे आहेत, असे आमचे मत होत चालले आहे.

याची परीक्षा सोपी आहे. ‘द डार्क साइड ऑफ द मून’ची सराउंड आवृत्ती आपल्याकडे असेल, तर ‘टाइम’ या गाण्याच्या सुरुवातीची घड्याळे लावा. ध्वनिमुद्रक अ‍ॅलन पार्सन्स यांनी जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन ती एकेक करून ध्वनिमुद्रित केली होती, आणि तीही मुळात चार स्पीकरच्या क्वाड्राफोनिक पद्धतीचे प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी. जोडणी योग्य असेल तर एक घड्याळ डाव्या हाताला वाजते, दुसरे पाठीमागे, तिसरे आणखी कोठे तरी. सगळी घड्याळे सगळ्याच स्पीकरांतून सारखी वाजत असतील, तर आपण ऐकत आहात ते सराउंड नव्हे.

उपाय असा की प्लेअरची एचडीएमआय केबल थेट अ‍ॅम्प्लिफायरला लावावी आणि अ‍ॅम्प्लिफायरमधून दुसरी केबल टीव्हीकडे न्यावी. प्लेअरच्या मेनूमध्ये आवाजाचे आउटपुट ‘बिटस्ट्रीम’ (डिस्कवरचा आवाज न उलगडता तसाच पुढे पाठवणे) किंवा मल्टिचॅनल पीसीएमवर (प्लेअरनेच उलगडलेले सगळे चॅनल पाठवणे) ठेवावे, ‘डाउनमिक्स’ (सगळे चॅनल दोनांत मिसळणे) बंद करावे आणि ब्लू-रे प्लेअर असेल तर ‘सेकंडरी ऑडिओ’ही (मेनूचे आवाज वगैरे मूळ आवाजात मिसळणारी सोय) बंद करावा, कारण तो चालू राहिल्यास मूळ ट्रॅक पुन्हा दाबला जाऊ शकतो. त्यानंतर अ‍ॅम्प्लिफायरच्या डिस्प्लेवर काय लिहून येते ते वाचावे. तेथे नुसते ‘पीसीएम’ किंवा ‘स्टिरिओ’ दिसले, तर आम्हाला फोन करण्यापूर्वी वरची ओळ न ओळ पुन्हा तपासावी, ही विनंती.

डिस्कच्या स्वतःच्या मेनूकडेही लक्ष असू द्यावे. अनेक संगीत डिस्क घातल्याबरोबर स्टिरिओ ट्रॅकने सुरू होतात आणि ५.१ आपल्याला निवडावा लागतो. दिवे मालवून, टीव्ही बंद ठेवून ऐकण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना हा मेनू कधी दिसतच नाही.

प्रत्येक डिस्क प्रत्येक प्लेअरमध्ये चालत नाही

किंग क्रिमसनच्या १९६९ च्या ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग’चे ५.१ मिक्स संगीतकार आणि रीमिक्सकार स्टीव्हन विल्सन यांनी बँडचे गिटारवादक रॉबर्ट फ्रिप यांच्याबरोबर केले आणि ते २००९ मध्ये डीव्हीडी-ऑडिओवर, म्हणजे उच्च दर्जाच्या संगीतासाठीच्या डीव्हीडीवर, आले. डीव्हीडी-ऑडिओ न वाचणारा प्लेअर त्याच डिस्कचा डीव्हीडी-व्हिडिओ भाग वाजवतो, म्हणजे सराउंड ऐकू येते, पण दाबलेले. ‘डार्क साइड’ची २००३ ची आवृत्ती हायब्रिड एसएसीडी (सीडीचा थरही असलेली सुपर ऑडिओ सीडी) आहे. ती साध्या सीडी प्लेअरमध्येही वाजते, मात्र तेव्हा फक्त सीडीचा स्टिरिओ थर वाजतो. प्रत्येक ब्लू-रे प्लेअर एसएसीडी वाचतोच असे नाही, आणि वाचत असला तरी मेनूत मल्टिचॅनलला प्राधान्य दिलेले आहे की नाही ते पाहावे लागते. डिस्क मागवण्यापूर्वी तिच्या पाठीमागच्या बाजूचा फोटो आणि आपल्या प्लेअरचा मॉडेल नंबर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्यास आम्ही हो की नाही ते कळवतो. यासाठी शुल्क नाही, आणि डिस्क आमच्याकडूनच घ्यावी अशी अटही नाही, कारण आम्ही डिस्क विकत नाही. कॉपी केलेल्या डिस्क किंवा फाइल भरून देण्याची विनंती मात्र कृपया करू नये.

मतभेदांबद्दल थोडेसे

जोडणी सुधारल्यावरही मतभेद उरतात आणि ते खरे असतात. आमच्याकडे येणाऱ्या जाणकारांमध्ये उघड दोन तट आहेत. एका तटाचे म्हणणे असे की बँडने १९७२ मध्ये जो स्टिरिओ मिक्स मान्य केला तोच अल्बम होय, आणि त्यानंतरची प्रत्येक आवृत्ती ही दुसऱ्या कोणाची तरी टीका आहे. आमच्या एका ज्येष्ठ ग्राहकांनी हाच मुद्दा वेगळ्या शब्दांत मांडला: मैफलीत गवई समोर बसतो, मग येथे ऑर्गन माझ्या पाठीमागे का? यावर आमचे नम्र उत्तर असे की हे अल्बम मैफलीचे ध्वनिमुद्रण नाहीतच. ते स्टुडिओत थरावर थर चढवून रचलेले आहेत आणि श्रोत्याला आवाजाच्या मध्यभागी बसवण्याची कल्पना त्याच काळातील आहे. लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये मे १९६७ मध्ये झालेल्या कार्यक्रमात पिंक फ्लॉइडने जॉयस्टिकने आवाज सभागृहाच्या चहूबाजूंनी फिरवून दाखवला होता. त्यानंतर क्वाडच्या, म्हणजे क्वाड्राफोनिक, रेकॉर्डही निघाल्या. परंतु एसक्यू, क्यूएस आणि सीडी-४ अशा एकमेकींशी न जुळणाऱ्या पद्धतींच्या भांडणात ग्राहक गोंधळला आणि ती लाट ओसरली.

दुसरा तट सराउंडचा चाहता आहे, पण त्याच्या आतही एकमत नाही. ‘डार्क साइड’चा १९७३ चा पार्सन्स यांचा क्वाड मिक्स श्रेष्ठ, की ध्वनिमुद्रक जेम्स गथ्री यांचा २००३ चा ५.१ मिक्स, हा वाद आमच्या काउंटरवर अजून मिटलेला नाही. क्वाडमध्ये आवाज बेधडकपणे कोपऱ्याकोपऱ्यांत फेकलेले आहेत; गथ्री यांनी मूळ स्टिरिओचा तोल सांभाळून ते जपून पसरवले आहेत. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला क्वाड अधिक चकित करतो, परंतु संपूर्ण अल्बम एका बैठकीत ऐकायचा असल्यास आमची पसंती गथ्री यांना आहे. २०११ च्या मोठ्या संचात दोन्ही मिक्स मिळतात. त्यातील क्वाड लावल्यावर मधला स्पीकर गप्प राहतो म्हणूनही आम्हाला फोन येतात. क्वाडमध्ये मधला चॅनल मुळातच नसतो, तेव्हा तो गप्प राहणेच बरोबर आहे. २०२३ चा गथ्री यांचा डॉल्बी अ‍ॅटमॉस (छतावरील स्पीकरांचाही वापर करणारी पद्धत) मिक्स ५.१ च्या संचावरही वाजतो; केवळ त्यासाठी छताला स्पीकर लावून घ्यावेत असा आग्रह आम्ही धरत नाही.

विल्सन यांच्या कामाबद्दल मात्र टीकाकारही आदराने बोलतात. त्यांची पद्धत अशी की मूळ मल्टिट्रॅक टेपवरून (जिच्यावर वाद्ये वेगवेगळ्या ट्रॅकवर असतात) आधी जुना स्टिरिओ मिक्स शक्य तितका जसाच्या तसा पुन्हा उभा करायचा आणि तो जमल्यावरच पाच चॅनलमध्ये उलगडायचा. जेथ्रो टलच्या १९७१ च्या ‘अ‍ॅक्वालंग’चा आवाज कोंदटलेला आहे अशी तक्रार जुनीच होती. २०११ चा विल्सन यांचा रीमिक्स ऐकल्यावर मूळ आवृत्तीचे कट्टर पुरस्कर्तेही बरेच नरमले. यसच्या ‘क्लोज टू द एज’च्या २०१३ च्या आवृत्तीत सुरुवातीचा पक्ष्यांचा आणि पाण्याचा आवाज खोलीभर पसरतो आणि त्यातून बँड एकदम अंगावर येतो. हा क्षण दोन स्पीकरवरही सुंदर आहे, परंतु पाचांवर तो ऐकून कोणी तटस्थ राहिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. निक डेव्हिस यांनी केलेल्या जेनेसिसच्या आवृत्त्यांबाबत मते अधिक विभागलेली आहेत. त्यांच्या ५.१ चे कौतुक करणारे काही जण त्याच संचातील नव्या स्टिरिओवर मात्र नाराज असतात.

अमुक अल्बमचा सराउंड का निघत नाही, असेही विचारले जाते. मल्टिट्रॅक टेप हाती असल्याशिवाय खरा रीमिक्स होत नाही. जेंटल जायंट या बँडच्या पहिल्या तीन अल्बमांतील ज्या गाण्यांच्या टेप सापडल्या, तेवढ्याच २०१७ च्या ‘थ्री पीस स्वीट’मध्ये आल्या, त्या याच कारणाने.

खोली, सोफा आणि झोपाळा

चित्रपटात मागच्या स्पीकरांना पाऊस, गर्दी, क्वचित हेलिकॉप्टर एवढेच काम असते. या अल्बमांत मेलोट्रॉन (टेपवरचे सूर वाजवणारे पट्ट्यांचे वाद्य), गिटार, कोरस असे पूर्ण ताकदीचे आवाज मागे बसवलेले असतात. म्हणून पुढे दमदार स्पीकर आणि मागे मुठीएवढे, फॉल्स सीलिंगला चिकटवलेले स्पीकर असा संच चित्रपटाला पुरला तरी येथे तोकडा पडतो. मागचे स्पीकर शक्यतो पुढच्यांच्याच मालिकेतील असावेत असे आम्ही सुचवतो, तेव्हा ते बिल वाढवण्यासाठी नसते. जुने मागचे स्पीकर परत घेऊन फरकाच्या रकमेत बदलून देण्याची सोय आमच्याकडे आहे. पुढचे दोन स्पीकर मध्यरेषेपासून तीस अंशांवर आणि मागचे शंभर ते एकशेवीस अंशांवर, म्हणजे कानाच्या किंचित मागे, हे आंतरराष्ट्रीय शिफारशीतील माप आहे. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर ते साधत नाही. निदान दोन हात पुढे ओढावा.

बडोद्याच्या घरांत दिवाणखान्यात झोपाळा असतोच आणि घरातील मुख्य श्रोता बहुधा त्याच्यावरच बसलेला असतो. झोपाळा हलत असताना पुढचा आणि मागचा तोल प्रत्येक झोक्यागणिक बदलतो, ही तक्रार आम्ही दूर करू शकत नाही. आवाज जुळवण्याचा मायक्रोफोन ज्या जागी ठेवला होता, त्या जागी स्थिर बसून ऐकावे. तो मायक्रोफोन लावताना पंखा बंद ठेवावा आणि तो हातात न धरता स्टँडवर, कानाच्या उंचीला ठेवावा. पंख्याच्या घरघरीमुळे अ‍ॅम्प्लिफायर चुकीची मापे घेतो आणि मग मागच्या स्पीकरांचा आवाज उगाच मोठा किंवा लहान होतो.

फेरीच्या शुल्काबद्दल

संच बसवल्यानंतरची पहिली तपासणी विनामूल्य आहे. त्यानंतर घरी आल्यावर दोष वायर बदलल्याचा किंवा मेनूतील सेटिंगचा निघाला, तर फेरीचे शुल्क घेतले जाते. यावर काही ग्राहकांची नाराजी आहे, ती आम्ही जाणून आहोत. परंतु अशा कामासाठी कारागीर अर्धा दिवस अडकला की ज्याचा स्पीकर खरोखरच बिघडला आहे, तो ग्राहक ताटकळत राहतो. फोनवरील मार्गदर्शनाला कधीही शुल्क नाही. मात्र फोन करताना अ‍ॅम्प्लिफायरसमोर उभे राहून करावा, म्हणजे डिस्प्लेवरील अक्षरे वाचून सांगता येतील.

ज्यांना नवा संच घेण्यापूर्वी फरक स्वतः ऐकून पाहायचा आहे, त्यांच्यासाठी दुकानाच्या मागच्या खोलीत ५.१ चा संच कायम जोडलेला असतो. येताना आपली डिस्क बरोबर आणावी आणि आधी फोन करून वेळ ठरवावी. संध्याकाळी सातनंतर बाजारातील वाहनांचे हॉर्न आत ऐकू येतात, त्यामुळे सकाळची वेळ सोयीची पडेल.