रंग काढलेला फोटो आणि कृष्णधवल फोटो: भावंडांच्या पोर्ट्रेटमध्ये फरक कुठे पडतो

स्टुडिओत दोन भावंडांचा रंगीत फोटो घ्यायचा, नंतर कॉम्प्युटरवर त्यातला रंग काढून टाकायचा आणि त्याला ‘ब्लॅक अँड व्हाइट पोर्ट्रेट’ म्हणायचं, हे सर्रास चालतं. रंग दोन्हींत नसतो, त्यामुळे दोन्ही एकच वाटतात. पण नुसता रंग काढलेला फोटो वेगळा आणि कृष्णधवल म्हणून योजलेला फोटो वेगळा. एकट्या मुलाच्या फोटोत हा फरक एक वेळ झाकून जातो. दोघं खेटून बसली की तो उघडा पडतो, कारण तिथे खरं काम दोघांना एकमेकांपासून सुटं दाखवण्याचं असतं, आणि रंगीत फोटोत ते काम रंग परस्पर करून टाकतो.

आधी कपडे घेऊ. ताईचा फ्रॉक पिवळाजर्द, धाकट्याचा शर्ट निळाभोर. फोटोशॉपमधली ‘डिसॅच्युरेट’ कमांड प्रत्येक पिक्सेलच्या लाल, हिरव्या आणि निळ्या आकड्यांपैकी सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान घेते आणि त्यांची सरासरी काढते. हे आकडे ० (काहीच नाही) ते २५५ (पूर्ण) असे असतात. शुद्ध पिवळा म्हणजे २५५, २५५, ०. शुद्ध निळा म्हणजे ०, ०, २५५. दोन्हींची सरासरी तीच! डोळ्याला एक रंग लख्ख आणि दुसरा गडद दिसत होता, फोटोत मात्र दोघं एकाच राखाडी कापडात गुंडाळल्यासारखी दिसतात.

यावर उपाय म्हणून दुसरं सूत्र वापरतात: लाल साधारण ३० टक्के, हिरवा ५९, निळा ११. डोळ्याला हिरवा जास्त उजळ आणि निळा कमी उजळ भासतो, त्याच्याशी हे जुळतं. आता पिवळा २२६ वर जातो, निळा २९ वर येतो; सुटले दोघं. पण लाल फ्रॉक (२५५, ०, ०) आणि गडद हिरवा शर्ट (०, १२८, ०) याच सूत्रात टाकून बघा. एक ७६, दुसरा ७५. तयार सूत्र कुठलंही घ्या, ते कुठल्या ना कुठल्या जोडीला दगा देणारच.

कृष्णधवल फोटो योजणारा माणूस कुठला रंग किती उजळ ठेवायचा हे स्वतः ठरवतो. ‘ब्लॅक अँड व्हाइट’ ॲडजस्टमेंटमध्ये सहा रंगांचे सहा स्लायडर असतात ते त्यासाठीच. मात्र त्यांनाही मर्यादा आहे. त्वचा मुख्यतः लाल-पिवळ्या पट्ट्यात येते, त्यामुळे लाल फ्रॉक उजळवायला गेलं की गालही उजळतात आणि मुलांचे फिकट गुलाबी ओठ चेहऱ्यात विरघळून जातात. म्हणून माझं मत असं, की स्लायडरशी झटापट करण्यापेक्षा कपडे निवडतानाच रंग विसरावा आणि एक फिका, एक गडद असा विचार करावा. विणकाम दिसणारा स्वेटर किंवा जाड सुती कापड असेल तर आणखी छान; रंग गेल्यावर पोतच नजर धरून ठेवतो.

बाळासोबतच्या फोटोत मात्र याच लाल स्लायडरचा फायदा होतो. नवजात बाळाची त्वचा लालसर, कुठे चट्टे असलेली. शेजारच्या चार वर्षांच्या भावाची साधारण एकसारखी. लाल चॅनेलमध्ये, म्हणजे फोटोतले फक्त लालचे आकडे पाहिले तर, त्वचा नितळ आणि उजळ दिसते, निळ्यात प्रत्येक डाग उठून येतो. लालचा वाटा वाढवला की दोघांच्या त्वचेच्या छटा जवळ येतात. पूर्वी हेच काम लेन्सवर लाल किंवा नारिंगी फिल्टर लावून व्हायचं. त्याआधी फिल्मऐवजी वापरल्या जाणाऱ्या रसायन लावलेल्या काचेच्या प्लेट्सना तर लाल दिसतच नसे. १८७३मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ हर्मान फोगेल यांनी रंगद्रव्य मिसळून प्लेटला हिरवा प्रकाश टिपायला लावला, तरी लाल बराच काळ बाहेरच राहिला. त्या काळच्या चेहऱ्यांतले ओठ इतके काळे का, याचं उत्तर यात आहे. रंगाचं राखाडीत रूपांतर करताना कुणीतरी निवड करतंच. तेव्हा ती रसायन करत होतं.

कपड्यांवर आणि त्वचेवर फोटो काढल्यानंतरही थोडाफार इलाज चालतो. प्रकाशावर चालत नाही. दोन काळ्याभोर केसांची डोकी एकमेकांना टेकली की रंगीत फोटोत लाल रिबन, गुलाबी कान, तपकिरी झाक यांमुळे ती वेगळी कळतात. रंग काढला की एकच काळा गोळा उरतो, आणि त्यात मागचा पडदाही गडद असेल तर डोकी कुठे संपतात तेच कळत नाही. केसांच्या कडेवर मागून, वरून एक छोटा दिवा हवा, म्हणजे प्रत्येक डोक्याला स्वतःची उजळ रेघ मिळते. मुख्य दिवा धाकट्याच्या बाजूने ठेवावा. थोरल्याच्या बाजूने ठेवला तर त्याच्या खांद्याची सावली नेमकी धाकट्याच्या चेहऱ्यावर पडते. रंगीत फोटोत ती खपून जाते, कारण गालाचा रंग सावलीतही कळतो. इथे तोच गाल करडा डाग होतो.

याचा अर्थ रंगीत फोटो घेऊच नये असा नाही. डिजिटल कॅमेऱ्यात उलट रंगीतच घ्यावा: रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली सगळी कच्ची माहिती) ठेवावी आणि कॅमेऱ्याचं पिक्चर सेटिंग मोनोक्रोम करावं. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर कृष्णधवल दिसतं, फाइलमध्ये रंग शाबूत राहतात आणि स्लायडरला खेळायला जागा मिळते. नुसतं मोनोक्रोम जेपेग घेतलं तर कॅमेऱ्याचं सूत्र कायमचं चिकटलं.

रंग काढून टाकणं हाच शहाणपणा ठरतो अशी वेळही येते. फ्लॅश आणि खोलीतला दिवा यांचे रंग मिसळून एकाचा चेहरा निळसर, दुसऱ्याचा पिवळट झाला असेल, पण दोघं एकमेकांकडे बघून मनापासून हसत असतील, तर खुशाल काढा. फोकस हुकलेला मात्र त्याने सुधारत नाही.

स्टुडिओत आधीच खात्री करायची असेल तर मुलं जागेवर बसल्यावर फोनचा कॅमेरा मोनोवर टाकून एकदा त्यांच्याकडे बघा. दोन डोकी, दोन खांदे, चार हात वेगवेगळे मोजता आले नाहीत, तर शर्ट बदला किंवा दिवा हलवा.