लैंगिक साधने : निवड, वापर आणि स्वच्छता

लैंगिक साधने : एकट्याने किंवा जोडीदारासोबत लैंगिक सुख घेण्यासाठी, तसेच संभोगातील वेदना, कोरडेपणा, ताठरतेची अडचण अशा तक्रारींवर उपाय म्हणून वापरली जाणारी उपकरणे व पूरक पदार्थ. व्हायब्रेटर, डिल्डो (शिश्नाच्या आकाराचे साधन), गुदद्वारासाठीचे प्लग, शिश्नावर चढवायची कडी, पुरुषांसाठीचे स्लीव्ह (शिश्नावर चढवायची मऊ पोकळ नळी), व्हॅक्यूम पंप, योनीमार्गाचे डायलेटर आणि लुब्रिकंट (वंगण) हे त्यांचे नेहमीचे प्रकार. मुंबईत बोलताना सगळ्यांना सरसकट ‘टॉय’ म्हणतात. खोक्यावर मात्र बहुतेक वेळा ‘मसाजर’ छापलेले असते. या एका शब्दामुळे वापरणाऱ्याच्या आरोग्यावर बराच परिणाम होतो, म्हणून नोंदीची सुरुवात तिथूनच केली आहे.

नाव आणि कायदा : अशी वस्तू जवळ बाळगण्यावर किंवा घरात वापरण्यावर बंदी घालणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. विक्री, जाहिरात आणि आयात यांना आडवी येतात ती अश्लीलतेची कलमे. पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम २९२ लावले जाई. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम २९४ आले. आयातीसाठी १८ जानेवारी १९६४ ची सीमाशुल्क अधिसूचना आजही पुढे केली जाते. न्हावाशेवा येथे आलेले बॉडी मसाजर याच अधिसूचनेखाली जप्त झाले होते. त्यांचा वापर सेक्स टॉय म्हणून होऊ शकतो, एवढाच अधिकाऱ्यांचा आधार होता. अपिलीय न्यायाधिकरणाने जप्ती रद्द केली आणि मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. वस्तू कशी वापरली जाईल याविषयीची अधिकाऱ्याची कल्पना हा बंदीचा आधार होऊ शकत नाही, असा त्या निकालाचा गाभा आहे. कोलकाता उच्च न्यायालयानेही २०११ मध्ये, एखादी वस्तू लैंगिक विषयाशी संबंधित आहे एवढ्यावरून ती अश्लील ठरत नाही, असे म्हटले होते.

निकाल चांगले आहेत. विक्रेत्यांची भीती मात्र गेलेली नाही. एखादे स्वस्त खोके हातात घेऊन पाहावे. बाहेर खांद्यावर यंत्र टेकवून हसणारी बाई. आत घडी घातलेला पातळ कागद, त्यावर ‘मान, खांदे व कंबर यांसाठी’, आणि साफसफाईविषयी एकच ओळ : ‘ओल्या कापडाने पुसा’. पदार्थाच्या नावाच्या जागी ‘त्वचेला अनुकूल मटेरियल’. खांद्यावर फिरवायच्या वस्तूला ओले फडके पुरते. योनीत किंवा गुदद्वारात जाणाऱ्या वस्तूला ते अजिबात पुरत नाही. वस्तूचे खरे काम लपवले की त्या कामाची काळजीही खोक्यावरून गायब होते, आणि या विषयातले बरेचसे धोके इथूनच सुरू होतात. त्यामुळे कागदावर जे छापलेले नाही ते ग्राहकालाच माहीत असावे लागते.

पूर्वपीठिका : ही साधने परदेशातून आलेले नवे खूळ आहे, हा समज खरा नाही. वात्स्यायनाच्या कामसूत्राच्या सातव्या अधिकरणात ‘अपद्रव्य’ या नावाने त्यांचे वर्णन आहे. विशेष म्हणजे तिथली चर्चा मुख्यतः पदार्थाचीच आहे : सोने, चांदी, तांबे, लोखंड, हस्तिदंत, शिंग, बाभ्रव्य या पूर्वीच्या आचार्याच्या परंपरेत कथील आणि शिसेही मऊ म्हणून चालते, तर वात्स्यायन स्वतः लाकडाकडे झुकतो. शिसे शरीराला विषारी आहे हे आज ठाऊक आहे. ‘वस्तू कशाची केली आहे’ हा पहिला प्रश्न मात्र तेव्हाइतकाच आजही योग्य आहे.

मुंबईत या विषयावर मराठीतून उघडपणे लिहिण्याची वाट रघुनाथ धोंडो कर्वे यांनी पाडली. १९२१ मध्ये त्यांनी येथे संततिनियमन केंद्र सुरू केले, विल्सन कॉलेजातील प्राध्यापकी त्यापायी सोडावी लागली, आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. अश्लीलतेच्या खटल्यात १९३४ साली त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. वाचकांच्या लैंगिक शंकांना शास्त्रीय उत्तर देणे म्हणजे अश्लीलता नव्हे, ही ती बाजू होती. पुढे डॉ. महिंदर वत्स (१९२४–२०२०) यांनी मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकातील सदरातून हेच काम म्हातारपणापर्यंत केले, आणि केईएम रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारी यांनी लैंगिक वैद्यकाचा विभाग उभा केला.

निवड : पदार्थ दोन जातींचे असतात, सच्छिद्र आणि छिद्ररहित. वैद्यकीय दर्जाचे सिलिकॉन, बोरोसिलिकेट काच, स्टेनलेस स्टील आणि कडक एबीएस प्लास्टिक यांच्या पृष्ठभागात जंतू मुरत नाहीत. धुतले की ते खरोखर स्वच्छ होतात. टीपीई व टीपीआर (रबरासारखी मऊ प्लास्टिके), मऊ पीव्हीसी आणि ‘जेली’ किंवा ‘अगदी खऱ्या त्वचेसारखे’ म्हणून विकले जाणारे पदार्थ सच्छिद्र असतात. वरून कितीही धुतले तरी सूक्ष्म छिद्रांत ओल आणि जंतू राहतात. मऊ पीव्हीसीत लवचीकपणासाठी थॅलेट वर्गातील रसायने घातलेली असू शकतात आणि ती हळूहळू बाहेर झिरपतात. यांतील काहींचा शरीरातील संप्रेरकांवर परिणाम होतो, म्हणून अनेक देशांत लहान मुलांच्या खेळण्यांत त्यांच्यावर मर्यादा आहेत.

घरबसल्या कळणारी खूण वासाची. पाकीट फोडताच नव्या रेनकोटसारखा उग्र वास आला, हाताला तेलकट चिकटपणा लागला, तर ती वस्तू शरीराच्या आत नेऊ नये. चांगल्या सिलिकॉनला जवळजवळ वास नसतो. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास किंवा ऑनलाइन, दोनशे-तीनशे रुपयांत ‘शंभर टक्के सिलिकॉन’ सांगितले जाते तेव्हा शंका घेणे योग्य. खरे सिलिकॉन त्या भावात सहसा परवडत नाही. स्वस्तातच घ्यायचे असेल तर मऊ जेलीपेक्षा कडक एबीएसची साधी वस्तू कितीतरी बरी. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने २०२१ मध्ये या साधनांसाठी ३५३३ क्रमांकाचे सुरक्षा मानक प्रसिद्ध केले. माहितीपत्रकात त्याचा उल्लेख असेल तर उत्पादकाने निदान विचार केला आहे असे समजावे.

गुदद्वारासाठीच्या वस्तूला खाली रुंद बूड असलेच पाहिजे. इथे तडजोड नाही. योनीला आतल्या टोकाला गर्भाशयमुखाची अटक आहे. गुदाशय पुढे मोठ्या आतड्याला जोडलेला असतो आणि बूड नसलेली वस्तू स्नायूंच्या आकुंचनाने आत ओढली जाते. घरातल्या बाटल्या, मेणबत्त्या, भाज्या याच कारणाने धोक्याच्या. बाटलीत निर्वात पोकळी तयार होते, काच फुटू शकते, मेणबत्ती तुटते.

बाकी निकष घरावर अवलंबून. चाळीतल्या खोलीत किंवा वन रूम किचनमध्ये मोटरचा आवाज हा खरा प्रश्न आहे. पंख्याच्या आवाजात दबणारी वस्तू हवी, अशी विचारणा ग्राहक संकोचत का होईना पण करतात, आणि त्यात गैर काही नाही. चार्जिंगच्या खाचेवर रबरी झाकण असावे. ‘आयपीएक्स ७’ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहूनही आत पाणी शिरू नये अशी रचना. नळाखाली निर्धास्त धुता येण्यासाठी हे उपयोगी.

लुब्रिकंट : पाण्याचा आधार असलेले लुब्रिकंट प्रत्येक पदार्थाला आणि प्रत्येक कंडोमला चालते, सुकले तर पुन्हा लावावे. सिलिकॉनचे लुब्रिकंट जास्त टिकते, पण सिलिकॉनच्या साधनाचा पृष्ठभाग त्याने चिकट, खडबडीत होऊ शकतो. मराठी घरात हाताशी असते ते खोबरेल तेल. लॅटेक्स कंडोम तेलाने काही मिनिटांत कमकुवत होऊन फाटू शकतो. बेबी ऑइल आणि व्हॅसलिन यांचेही तेच. योनीची नैसर्गिक आम्लता साधारण ३.८ ते ४.५ पीएच असते. तिच्याशी जुळणारे, सुगंध नसलेले, ग्लिसरीन कमी असलेले लुब्रिकंट घ्यावे. गुदद्वारात ओलावा तयार होत नाही, त्यामुळे तिथे लुब्रिकंट भरपूरच लागते. बधिर करणारी क्रीम मात्र टाळावी. वेदना हा थांबण्याचा इशारा आहे आणि तो बंद केला की इजा कळतच नाही.

वापर : पहिल्यांदा लहान आकार, कमी वेग, नखे कापलेली, घाई नाही. जोडीदार असेल तर आधी बोलणे आणि मधे ‘नको’ म्हणण्याची दोघांनाही मोकळीक. गुदद्वारात वापरलेली वस्तू धुतल्याशिवाय किंवा नवा कंडोम चढवल्याशिवाय योनीत नेऊ नये. आतड्यातले जंतू योनीत आणि मूत्रमार्गात गेल्याने संसर्ग होतो. एकच वस्तू दोघांत वापरायची तर प्रत्येकासाठी वेगळा कंडोम. क्लॅमिडिया, गनोरिया, ट्रायकोमोनास, हर्पीस आणि एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) हे सगळे साधनावरून एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात.

शिश्नावरची कडी अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवू नये आणि ती घालून झोपू नये. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी, सिकलसेलच्या रुग्णांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरूच नये. पेसमेकर असलेल्यांनी चुंबकाने चार्ज होणारी साधने छातीजवळ आणू नयेत.

डायलेटरविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण ते कुणी ‘चैनीची वस्तू’ म्हणून घेत नाही. योनीचे स्नायू आपोआप घट्ट आवळले जाण्याच्या त्रासात, म्हणजे व्हॅजिनिस्मसमध्ये, लग्नाला वर्षे उलटूनही संभोग न झालेली जोडपी दवाखान्यात येतात. लहानापासून मोठ्यापर्यंत चढत्या आकाराचे डायलेटर, श्वासाचे व्यायाम आणि समुपदेशन हा त्यावरचा नेहमीचा उपचार. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर किरणोपचार झाल्यावर योनी आकसू नये म्हणूनही डॉक्टर डायलेटर सुचवतात. तिथे ते वापरणे हा उपचाराचाच भाग असतो. त्या स्त्रीला सासरच्या कपाटात ते लपवावे लागू नये, असे मनापासून वाटते.

स्वच्छता : वापरण्यापूर्वी आणि वापरल्यावर लगेच धुणे हा मूळ नियम. वाळलेला स्राव नंतर सुटत नाही. कोमट पाणी, वास नसलेला सौम्य साबण, बोटांनी चोळणे. जोडाच्या चिरा, बटणांच्या कडा, बुडाची खाच इथे जुना मऊ टूथब्रश. मग साबणाचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत पाणी. भांड्याचा साबण आणि डेटॉलसारखी अँटिसेप्टिक द्रव्ये वापरू नयेत. त्यांचा अंश राहिला तर आतली नाजूक त्वचा जळजळते. हँड सॅनिटायझरवर विसंबणेही चूक, कारण एचपीव्ही अल्कोहोलला सहजी दाद देत नाही.

मोटर नसलेली, संपूर्ण सिलिकॉनची किंवा स्टीलची वस्तू उकळत्या पाण्यात तीन ते पाच मिनिटे ठेवता येते. वेगळे पातेले, तळाशी सुती फडके, म्हणजे वस्तू तापलेल्या बुडाला टेकत नाही. काच उकळत्या पाण्यातून थेट गार पाण्यात टाकू नये, आणि दर वेळी बोट फिरवून टवका उडालेला नाही ना ते पाहावे. मोटर असलेली वस्तू कधीही उकळू नये. तिच्या सिलिकॉनच्या भागासाठी एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात भिजवलेले कापड दहा मिनिटे गुंडाळून ठेवावे, मग वाहत्या पाण्याखाली नीट धुवावे. ब्लीचमध्ये बाथरूम साफ करायचे आम्ल चुकूनही मिसळू नये; त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

सच्छिद्र पदार्थ उकळले तर वितळतात आणि धुऊन निर्जंतुक होत नाहीत. ते कंडोम चढवूनच वापरावेत, दुसऱ्याला देऊ नयेत, आणि रंग बदलला, डाग पडले, चिकटपणा आला की फेकावेत.

मुंबईत खरी परीक्षा वाळवण्याची. जून ते सप्टेंबर इथे दोरीवरचा रुमालही दोन दिवस दमट राहतो, आणि ओली वस्तू पिशवीत गेली की बुरशी ठरलेली. धुतल्यावर स्वच्छ सुती कापडाने टिपून पंख्याखाली निदान रात्रभर ठेवावी. स्लीव्ह उलटा करून वाळवावा. त्याला सर्वांत जास्त वेळ लागतो. मग प्रत्येक वस्तू वेगळ्या सुती पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी. टीपीई आणि सिलिकॉन एकमेकांना चिकटून राहिले तर पृष्ठभाग खराब होऊ शकतो. कपाटात साड्यांच्या तळाशी लपवताना लोक डांबरगोळ्यांचा विचार करत नाहीत. त्यांची वाफ मऊ प्लास्टिकमध्ये मुरते. अशा कप्प्यात साधन ठेवूच नये. बरेच दिवस वापर नसेल तर सेल काढून ठेवावेत.

वैद्यकीय मदत : वस्तू आत अडकली तर चिमटा किंवा जुलाबाचे औषध न वापरता सरळ मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जावे. केईएम, सायन, नायर येथील शल्यचिकित्सकांना हा प्रकार नवा नाही, आणि खरे काय घडले ते सांगितल्याने वेळ वाचतो. रक्तस्राव, पोटात तीव्र वेदना किंवा ताप असेल तर उशीर जिवावर बेतू शकतो. न निघणारी कडी हीदेखील तातडीचीच बाब. स्राव, खाज, दुर्गंधी, लघवीला जळजळ अशा तक्रारींसाठी सरकारी रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ आहेत, आणि एचआयव्हीची तपासणी आयसीटीसी (एकात्मिक समुपदेशन व चाचणी) केंद्रांत मोफत व गोपनीय असते. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे.

विल्हेवाट : चार्ज होणारी वस्तू ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात टाकू नये. लिथियम बॅटरी कचरागाडीत दाबली गेली तर पेट घेऊ शकते, म्हणून ती ई-कचऱ्यात द्यावी. देण्याआधी सिलिकॉनचे आवरण कापून काढले तर आत उरते ती एक मोटर, सर्किटची एक पट्टी आणि एक बॅटरी. ती ओळखून कुणी काही विचारत नाही.