गहू वर्ज्य असलेल्यांची विमानातली शिदोरी

मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे थेट जाणारे विमान सुमारे १५ तास हवेत असते. त्याआधी विमानतळावर जाणारे तीन-चार तास आणि उतरल्यावर रांगांमधून बाहेर पडून घर गाठेपर्यंतचा वेळ धरला, तर घरचे शेवटचे जेवण आणि मुक्कामावरचे पहिले जेवण यांत जवळपास एका दिवसाचे अंतर पडते. माझ्या भाचीला सीलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातील ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा, विकार आहे. ग्लूटेनविरहित जेवणाची आगाऊ नोंदणी करूनही एका प्रवासात तिच्यासमोर नेहमीच्या पावासकट ताट आले आणि तो दिवस तिने घरून नेलेल्या डब्यावर काढला. तेव्हापासून नोंदणी आम्ही करतोच, पण भिस्त शिदोरीवर ठेवतो.

ग्लूटेन हे गव्हातील प्रथिन असून जव आणि राय या धान्यांतही त्याचे जवळचे भाईबंद असतात. पोटातील पाचकरसांना त्याचे पूर्ण तुकडे करता येत नाहीत. ३३ अमिनो आम्लांची एक साखळी तर जवळजवळ अखंड राहते. सीलिअ‍ॅकच्या रुग्णांत शरीराची संरक्षणयंत्रणा अशा तुकड्यांना शत्रू समजते आणि त्या झटापटीत लहान आतड्यातील अन्न शोषणारे केसांसारखे उंचवटे झिजून सपाट होतात. गव्हाचा हा दोष विलेम-कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञाने उजेडात आणला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये युद्धामुळे अन्नाची टंचाई होऊन पाव मिळेनासा झाला, तेव्हा इतर मुले खंगत असताना सीलिअ‍ॅकची मुले मात्र सुधारत होती, आणि पाव परत आल्यावर ती पुन्हा आजारी पडली. या विकारावर आजही मुख्य उपचार एकच आहे, तो म्हणजे आयुष्यभर ग्लूटेन टाळणे.

‘ग्लूटेनविरहित’ म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन असू नये, अशी मर्यादा भारतातही लागू आहे. किलोभर ज्वारीच्या पिठात पाव ग्रॅमच्या आसपास कणीक मिसळली, तरी ही मर्यादा गाठली जाते. म्हणूनच खरा धोका गिरणीत असतो. आधीच्या गिऱ्हाईकाचे गहू दळून झाल्यावर त्याच जात्यातून निघालेले ज्वारीचे पीठ या रुग्णांच्या कामाचे नाही. ते घरच्या वेगळ्या घरघंटीवरच दळावे. थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी गहू असतात. बाजारातल्या बांधानी हिंगात पुष्कळदा मैदा किंवा कणीक मिसळलेली असते, तेव्हा डबीवरचे घटक वाचल्याशिवाय त्या हिंगाची फोडणी देऊ नये.

ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई आणि राजगिरा यांत ग्लूटेन नसते, त्यामुळे उपवासाचे बहुतेक पदार्थ या शिदोरीत आयतेच बसतात. अडचण असते ती भाकरीची. गव्हाची कणीक ग्लूटेनच्या जाळ्याने धरून राहते. ज्वारीला ते जाळे नसल्याने आपण उकळत्या पाण्यात पीठ घालून उकड काढतो. त्या उष्णतेने पिठातील स्टार्चचे कण फुगून चिकट होतात आणि गोळा मळता येतो. मात्र भाकरी निवली की हेच स्टार्चचे रेणू पुन्हा शिस्तीत रचले जाऊ लागतात आणि भाकरी कडक होते. फ्रिजच्या तापमानाला ही क्रिया अधिक वेगाने होत असल्याने प्रवासाची भाकरी फ्रिजमध्ये ठेवू नये. दुधात पीठ भिजवून केलेली दशमी अधिक वेळ मऊ राहते, कारण दुधातील स्निग्धांश या पुनर्रचनेला अडथळा करतो. निदान नुकतेच झालेल्या रुग्णांना मात्र काही काळ दूध सोसत नाही, कारण दुधातील साखर पचवणारे विकर (एन्झाइम) त्या झिजलेल्या उंचवट्यांवरच असते. त्यांच्या पिठात दुधाऐवजी पाणी आणि थोडे तेल घालावे.

अन्न किती टिकेल हे जंतूंना त्यातील किती पाणी वापरता येते यावर ठरते. राजगिऱ्याची वडी, शेंगदाण्याची चिक्की, भाजलेले मखाणे किंवा भडंग यांत ते इतके कमी असते की जंतू वाढत नाहीत. शिजवलेल्या भाताचे तसे नाही. बॅसिलस सेरिअस या जीवाणूचे बीजाणू शिजवण्यातून वाचतात, कोमट भातात पुन्हा रुजतात, आणि त्यांचे उलटी घडवणारे विष भात परत गरम करूनही नष्ट होत नाही. त्यामुळे दहीभाताचा डबा घेतलाच, तर तो घरून निघाल्यावर पहिल्या दोन तासांत संपवावा.

विमानातील हवेचा दाब ६,००० ते ८,००० फूट उंचीवरील हवेइतका ठेवलेला असतो, म्हणून हवाबंद पाकिटे टरारून फुगतात. डब्याचे झाकण उघडताना ते रुमालाने धरावे. पोटातील वायूही तसाच पसरत असल्याने हरभरे आणि वाटाणे या दिवशी टाळलेले बरे. कोरडी हवा आणि कमी दाब यांमुळे मीठ व गोडी जिभेला कमी जाणवते, पण लसूण-तिखटाची कोरडी चटणी तिथेही चवदार लागते. ओली चटणी, दही आणि तूप १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या डब्यात असल्यास ते सुरक्षा तपासणीत अडतात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर नेऊच नयेत, कारण आपोआप तापण्याच्या गुणामुळे खोबरे धोकादायक मालात गणले जाते.

उतरण्यापूर्वी उरलेली फळे खाऊन टाकावीत. ताजा कढीपत्ता अमेरिकेत नेता येत नाही, कारण त्यावर लिंबूवर्गीय झाडांना रोग लावणारा कीटक पोसला जातो. शिल्लक राहिलेली वडी, चिक्की आणि दशमी सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडे जाहीर करावी आणि हातातल्या पिशवीत वरच ठेवावी. डॉक्टरांची इंग्रजीतील चिठ्ठीही तिथेच असावी.